दोन ओर्कांनी सगळे ग्रेट व्हाइट शार्क पळवून लावले म्हणे, खरं का थाप?

कोथरूडचा_पक्या

नमस्कार मंडळी. गेल्या जुलैत आम्ही तिघं केप टाऊनला गेलो होतो, मी, बायको आणि आठवीतली कन्या. कन्या तिसरीपासून शार्कवेडी आहे, इतर मुली बाहुल्या मागायच्या तेव्हा हिला शार्कच्या दातांची पोस्टरं हवी असायची. त्यामुळे टेबल माउंटन वगैरे ठीक आहे पण गान्सबाईला जाऊन पिंजऱ्यातून ग्रेट व्हाइट बघायचाच, असं घरातूनच ठरवून निघालो होतो.

पहाटे चारला उठलो, दोन-अडीच तास गाडी, मग बोट. बोट सुटून अर्धा तास होत नाही तोच बायकोला बोट लागली, तिला धरता धरता मलाही लागली. माशांचं तेल-रक्त कालवलेलं घाण वासाचं पाणी हे लोक समुद्रात सोडत बसतात, चम म्हणतात त्याला, त्या वासानं उरलंसुरलं पण बाहेर. पाणी इतकं गार की पाणबुड्याचा जाड सूट घालूनही पिंजऱ्यात दात वाजत होते. आणि एवढं सगळं करून चार तासांत ग्रेट व्हाइट किती दिसले, तर शून्य. तीन तपकिरी शार्क येऊन गेले, चांगले दोन-अडीच मीटरचे, मी आनंदानं ओरडलो तर कन्या थंडपणे म्हणाली, बाबा हे ते नाहीत, हे ब्राँझ व्हेलर आहेत.

मग गाईडला धरला. तो म्हणाला की पूर्वी इथे हिवाळ्यात रोज दिसायचे, पण २०१७ पासून दोन ओर्का, म्हणजे किलर व्हेल, येतात, एकाचा पाठीवरचा पर डावीकडे पडलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, त्यांची नावं पोर्ट आणि स्टारबोर्ड, आणि ते शार्कना मारून फक्त लिव्हर खातात म्हणून बाकीचे शार्क गाव सोडून गेले. पैसे परत नाहीत, व्हाउचर मिळालं, दोन वर्षांत परत या म्हणे. विमानाचं तिकीट काय तो काढणार आहे का?

तर प्रश्न असा की ही गिऱ्हाइकाला गुंडाळायची गोष्ट आहे की यात तथ्य आहे? दोन प्राणी मिळून अख्खा किनारा रिकामा करतात हे मला काही पटत नाही. आणि मारायचं तर पूर्ण खायचं सोडून नुसतं लिव्हर का?

---

खारवारा

पक्याभाऊ, ट्रिपबद्दल वाईट वाटलं पण गाईड खोटं बोलला नाही. मी समुद्री जीवशास्त्र शिकलोय, काम सध्या वेगळं करतो पण या प्रकरणावर डोळा ठेवून असतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पोर्ट आणि स्टारबोर्ड हे दोन नर ओर्का आहेत, जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजूवरून नावं पडली. २०१५ च्या सुमारास फॉल्स बेमध्ये, म्हणजे केप टाऊनच्या मागच्या उपसागरात, पाणबुड्यांना तळाशी मेलेले सेव्हनगिल शार्क दिसायला लागले. सेव्हनगिल म्हणजे सात कल्ल्यांचा, तीनेक मीटरपर्यंत वाढणारा शार्क. सगळ्यांची छाती दोन परांच्या मधे फाटलेली आणि लिव्हर गायब, बाकी अंग तसंच. आधी लोकांना वाटलं माणसाचंच काम असणार. पण खुणा दातांच्या निघाल्या. दोन ओर्का दोन बाजूंचे पर धरून ओढतात आणि शार्क मधोमध उसवतो, असा तो प्रकार.

मग २०१७ मध्ये गान्सबाईच्या किनाऱ्यावर ग्रेट व्हाइटच वाहून यायला लागले. त्यातली एक मादी तर ४.९ मीटरची होती, म्हणजे एका मोठ्या गाडीपेक्षा लांब. २०२२ मध्ये शार्कवर संशोधन करणाऱ्या अॅलिसन टाउनर आणि मंडळींनी पेपर लिहिला तोवर आठ सापडले होते, आठांपैकी सातांचं लिव्हर नाही, काहींचं हृदयपण नाही. याच लोकांनी १४ शार्कना ट्रान्समीटर लावलेले होते, ओर्का आले की ते शार्क तिथून निघून जाताना त्या नोंदींत दिसतात. आधी दोन-चार दिवसांनी परतायचे, नंतर आठवडे, मग महिने. आणि जागा रिकामी झाली की ब्राँझ व्हेलर आले, जे तुम्हाला दिसले. हे ब्राँझ व्हेलर एरवी ग्रेट व्हाइटचंच खाणं असतात, म्हणजे मालक गेल्यावर भाडेकरू हॉलमध्ये येऊन बसले.

तरी तोवर कोणी डोळ्यांनी मारताना बघितलं नव्हतं. मे २०२२ मध्ये गान्सबाईच्या पूर्वेला मोसेल बेला तेही झालं, ड्रोन आणि हेलिकॉप्टरमधून शूट केलंय, पाच ओर्का आणि त्यात स्टारबोर्ड. त्यानंतर ४५ दिवसांत तिथे एकच ग्रेट व्हाइट दिसला. जून २०२३ चा प्रसंग तर अजून भारी आहे. स्टारबोर्ड एकटा, समोर अडीच मीटरचा कोवळा ग्रेट व्हाइट. डावा पर धरला, पुढे ढकलत नेला आणि दोन मिनिटांच्या आत काम तमाम. नंतर तो बोटीच्या बाजूनं पोहत गेला तेव्हा तोंडात पीच रंगाचं लिव्हर होतं. आपण बेकरीतून पाव घेऊन निघतो तसा.

लिव्हरच का याचं उत्तर सोपं आहे. बाकीच्या माशांच्या पोटात तरंगायला हवेचा फुगा असतो, शार्कला तो नसतो. त्याच्याऐवजी अवाढव्य, तेलानं भरलेलं लिव्हर असतं, तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून ते त्याला वर धरून ठेवतं. ग्रेट व्हाइटमध्ये वजनाच्या चौथाईपर्यंत नुसतं लिव्हर असू शकतं. म्हणजे एक टनाच्या शार्कमध्ये दोन-अडीचशे किलो तूप. बाकी शार्क म्हणजे सँडपेपरसारखी कातडी आणि चिवट मांस, त्यानं दात झिजतात. तुम्ही असता तर काय खाल्लं असतं?

---

मोरीमसाला

वरचं तूप वाचून हसू आलं पण बरोबर आहे. आमचा आजा मालवणचा, रापणीवाला. मोठी मुशी लागली की लिव्हर आधी वेगळं काढून पत्र्याच्या डब्यात उन्हात ठेवायचे, तेल आपोआप सुटायचं, ते होडीच्या लाकडाला फासायचं म्हणजे लाकूड पाणी धरत नाही. त्या तेलाचा वास असा की आजा आंघोळ करून आला तरी आजी त्याला पडवीतच जेवायला वाढायची. तेव्हा ओर्काला जे कळलं ते आमच्या आज्याला पण माहीत होतं.

बाकी शार्क म्हटल्यावर तुम्हा लोकांना पिंजरा आठवतो, आम्हाला मोरीचं मटण आठवतं.

---

शंकासूर

खारवारा, तुमचा मान राखून थोडा वाद घालतो. ओर्काची गोष्ट रंगतदार आहे म्हणून तीच सगळीकडे चालते, पण शार्क कमी व्हायला माणूस काही कमी कारण नाही. डरबनच्या बाजूला पोहणाऱ्यांच्या संरक्षणासाठी समुद्रात जाळी लावलीत, १९५२ पासून, त्यात ग्रेट व्हाइट आजही अडकून मरतात. एकीकडे १९९१ मध्ये जगात सगळ्यात आधी ग्रेट व्हाइटला कायद्यानं संरक्षण देणारा देश दक्षिण आफ्रिका, आणि दुसरीकडे ही जाळी सरकारीच. वर तळाशी गळ टाकून छोटे शार्क, म्हणजे सूपफिन आणि स्मूदहाउंड, जे ग्रेट व्हाइटचं खाणं आहे, ते पकडून ऑस्ट्रेलियाला पाठवतात, तिथे ते तळून चिप्सबरोबर खातात. ताटातलं काढून घेतल्यावर पाहुणा जाणारच ना. दोन ओर्कांच्या नावावर सगळं बिल फाडलं की माणूस मोकळा.

आणि गेले म्हणजे मेले का सरकले, यावरही भांडण आहेच. २०२३ मध्ये एका गटानं मांडलं की एकूण संख्या साधारण तेवढीच आहे, शार्क फक्त पूर्वेकडे सरकलेत. दुसऱ्या गटानं लगेच उत्तर दिलं की तुमच्या आकड्यांवरून असं म्हणताच येत नाही.

---

खारवारा

शंकासूर, वाद मान्य, आणि खरं सांगायचं तर मी तुमच्याच बाजूला थोडा झुकलेलो आहे. गान्सबाईतून ते ठरावीक तारखांना उठून गेले त्याला ओर्काच कारण, यात मला शंका नाही, कारण ओर्का आले आणि ट्रान्समीटर हलले हे जुळतं. पण सबंध किनाऱ्यावर एकूण शार्क किती उरलेत, याचा दोष ओर्काच्या गळ्यात घालणं चूक. हजारो वर्षं हे दोघं एकाच समुद्रात राहिलेत, ओर्कानं शार्क संपवले नाहीत. शार्क पोरं फार सावकाश काढतो हो. ग्रेट व्हाइटची मादी वयात यायलाच साधारण ३३ वर्षं लागतात, नराला २६ च्या आसपास. पोटात वर्षभर किंवा जास्तच पिल्लं, जन्मतात तेव्हा सव्वा मीटरच्या पुढे. अशा प्राण्यातल्या मोठ्या माद्या जाळ्यात गेल्या की भरून यायला पिढ्या जातात.

सरकण्याबद्दल मात्र एक सांगतो, यांना अंतर काहीच नाही. निकोल नावाची एक मादी होती, तिला गान्सबाईलाच टॅग लावला होता, ती ९९ दिवसांत ११,००० किलोमीटर पोहून ऑस्ट्रेलियाला गेली आणि नऊ महिन्यांच्या आत परत गान्सबाईला हजर. २००३-०४ ची गोष्ट. परत आली ती परावरच्या खाचांवरून ओळखली. तेव्हा इथे शेजारी गुंड आला म्हणून तीन-चारशे किलोमीटर पूर्वेला जाऊन राहणं हे त्यांच्या दृष्टीनं पुण्याहून पिंपरीला जाण्यासारखं आहे.

आणि ही काही आफ्रिकेचीच गंमत नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळ फॅरलॉन बेटं आहेत, तिथे ऑक्टोबर १९९७ मध्ये पर्यटकांच्या बोटीसमोर एका मादी ओर्कानं ग्रेट व्हाइट धरला, उलटा करून धरून ठेवला आणि मारला. त्या मोसमात बाकीचे शार्क तिथून गायब. नंतर टॅग लावून अभ्यास झाला, त्यात दिसलं की ओर्का तासभरापेक्षा कमी वेळ फिरकून गेले तरी शार्क जातात ते पुढच्या वर्षीच येतात. हे शार्क ज्यांना खातात त्या तिथल्या एलिफंट सीलचं फावतं.

---

कोथरूडचा_पक्या

बापरे. एवढी माहिती येईल असं वाटलं नव्हतं, आभार. कन्येला मोबाइल दिला तर ती सगळं वाचून म्हणते की बाबा मग गाईडकाकांना सॉरीचा मेल टाक. टाकणार नाही. पण तिचे दोन प्रश्न आहेत. उलटा करून धरला म्हणजे नक्की काय होतं? आणि एवढे दात असून ग्रेट व्हाइट ओर्काला उलटून चावत का नाही?

---

खारवारा

कन्येला सांगा प्रश्न झकास आहेत. शार्कला पाठीवर उलटा केला की बऱ्याच जातींमध्ये तो सुन्न होतो, झोपल्यासारखा पडून राहतो, टॉनिक इमोबिलिटी म्हणतात. संशोधकसुद्धा छोट्या शार्कचं ऑपरेशन करायचं तर असंच उलटं धरतात. त्यात ग्रेट व्हाइटचं अजून एक दुखणं आहे, त्याला सतत पुढे पोहावं लागतं, पोहलं की तोंडातून पाणी शिरून कल्ल्यांवरून जातं आणि तेव्हाच ऑक्सिजन मिळतो. त्याला जागीच दाबून धरला की तो पाण्यात असूनही गुदमरतो. नर्स शार्कसारखे काही आहेत ते तळाशी पडून गालानं पाणी ओढू शकतात, याला ते जमत नाही.

चावत का नाही, तर आकाराचा फरक बघा. ग्रेट व्हाइटची फार मोठी मादी सहा मीटर. नर ओर्का आठ-नऊ मीटरपर्यंत जातो, वजन सहा टन आणि वर, नुसता पाठीवरचा पर १.८ मीटरचा, म्हणजे तुमच्याएवढा उभा. त्यात मेंदू पाच-सहा किलोचा आणि साधारणपणे टोळीनं कामं करतात. ओर्का हा खरं तर डॉल्फिनच्या कुळातला, पण डॉल्फिन म्हटल्यावर आपल्याला वाटतं तसा गोडगोड नाही. अंटार्क्टिकात चार-पाच ओर्का ओळीत पोहत जाऊन मुद्दाम लाट उठवतात आणि बर्फावर बसलेला सील धुऊन पाण्यात पाडतात. अर्जेंटिनात किनाऱ्यावर अर्धे बाहेर येऊन सीलची पिल्लं उचलतात आणि लाटेबरोबर परत जातात, हे आया पोरांना शिकवतात.

आणि गंमत म्हणजे सगळे ओर्का सगळं खात नाहीत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक समाज फक्त मासे, त्यातही सामन खातो, त्याच पाण्यात दुसरा समाज फक्त सील-डॉल्फिन असले सस्तन प्राणी खातो, दोघांची बोली वेगळी, लग्नसंबंध नाहीत. कुटुंब आईचं, मोठे झालेले मुलगेसुद्धा आईबरोबरच हिंडतात, आणि म्हाताऱ्या आज्या पिल्लं होणं थांबल्यावरही कित्येक वर्षं जगतात आणि पुढे राहून वाट दाखवतात. म्हणून पोर्ट आणि स्टारबोर्ड असे दोघंच सडेफटिंग हिंडतात याचं लोकांना कुतूहल आहे.

---

केपवासी

उशिरा आलो. मी मूळचा साताऱ्याचा, बारा वर्षं केप टाऊनला. आधी एक किरकोळ दुरुस्ती, गावाचं नाव गान्सबाई नाही, गान्सबाय, आणि आफ्रिकान्समध्ये ग चा उच्चार घशातून ख सारखा करतात, खान्सबाय. मीपण पहिलं वर्षभर बाईच म्हणायचो, ऑफिसात हसायचे.

माझ्या डोळ्यांसमोर झालेला बदल सांगतो. मी आलो तेव्हा फॉल्स बेमध्ये सील आयलंडला सकाळी गेलं की ग्रेट व्हाइट सीलच्या मागे पाण्याबाहेर अख्खा उडी मारायचा, एकदा मी बघितलंय, आवाज असा येतो की जणू कोणी पाण्यात भरलेली गोणी टाकली. शार्क खालून सरळ वर येतो, सीलला वरच्या उजेडात खालचं काळं दिसत नाही. आणि त्या गार पाण्यात एवढा जोर लावता येतो कारण ग्रेट व्हाइटच्या स्नायूंचं रक्त आसपासच्या पाण्यापेक्षा गरम राहतं, बहुतेक माशांना हे जमत नाही. ते २०१८ नंतर जवळपास बंदच झालं. किनाऱ्यावर अजूनही डोंगरावर बसून शार्क बघून पोहणाऱ्यांना इशारा म्हणून झेंडा लावणारी माणसं आहेत, त्यांचे दिवस आता निवांत जातात.

सीलचं म्हणाल तर त्यांची चैन आहे. इथल्या संशोधकांनी आधी सीलच्या शेणाची, म्हणजे विष्ठेची तपासणी केली होती, ज्या काळात शार्कचे हल्ले जास्त त्या काळात त्यात ताणाचे हार्मोन जास्त. २०२५ मध्ये फॉल्स बेच्या वीसेक वर्षांच्या नोंदींचा पेपर आला, ग्रेट व्हाइट गेल्यावर सील वाढले, सेव्हनगिल वाढले, आणि ते ज्यावर जगतात ते मासे आणि छोटे शार्क कमी झाले. आधी सील आयलंडला सेव्हनगिल कधी दिसत नसत, आता येतात. म्हणजे वरचा एक गेला की खालच्या सगळ्यांचं वेळापत्रक बदलतं. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये खान्सबायच्या जवळ पर्ली बीचला एका दिवसात पंधरा-वीस मेलेले सेव्हनगिल वाहून आले, परत लिव्हर नाही. काम कोणाचं ते सांगायला नको.

पक्यासाहेब, परत आलात तर कन्येला घेऊन हिवाळ्यात मोसेल बेकडे जा, खात्री तिथेही नाही. आणि बोट लागू नये म्हणून गोळी बोटीवर चढायच्या आधीच घ्या, लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो.

---

तिखट_मीठ

विषयांतर आहे पण मोरीमसाला, एक विचारते. आमच्याकडे (डोंबिवली) मोरी आणली की कधीकधी मुतारीसारखा वास येतो, सासूबाई म्हणतात शिळी आहे, कोळीण म्हणते ताजीच आहे. कोण बरोबर?

---

मोरीमसाला

ताई, सासूबाई. ताज्या मोरीला एवढा वास नसतो, खावची तर ताजीच खावची. तरी आई खबरदारी म्हणून उकळत्या पाण्यातून काढून कातडी खरवडून घेते, मग हळद आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवते, मग वाटण.

---

खारवारा

कोळीणपण थोडी बरोबर आहे. शार्कच्या रक्तातच युरिया भरपूर असतो, समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं अंगातलं पाणी ओढून नेऊ नये म्हणून तो साठवून ठेवतो. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात, तो तुमचा वास. म्हणून शार्क इतर माशांपेक्षा लवकर वासतो. आगळ आंबट, म्हणून तो अमोनिया मारतो, तुमच्या आईची रेसिपी केमिस्ट्रीला धरून आहे.

याच युरियाचं गणित बुल शार्कला उलटं करता येतं, नदीत शिरला की तो मीठ आणि युरिया कमी-जास्त करतो, म्हणून गोड्या पाण्यात आत येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघरला मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका माणसाचा पाय शार्कनं फाडला होता ना, तो बुल शार्कच.

एक सांगून ठेवतो, बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी द्यायची पद्धत कोकणात आहे, छोटी मोरी ठीक, पण मोठा शार्क देऊ नका. छोट्या माशातला पारा मोठ्यात, मोठ्यातला अजून मोठ्यात असा साठत जातो, त्यामुळे जितका मोठा शिकारी तितका पारा जास्त. गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना शार्क टाळाच म्हणतात.

---

शंकासूर

म्हणजे ओर्काच्या अंगात किती पारा असेल?

---

खारवारा

पुष्कळ, आणि पीसीबी नावाची जुनी कारखानी रसायनंपण, चरबीत साठतात. बंदी येऊन दशकं झाली तरी जात नाहीत. आईच्या दुधातून पहिल्या पिल्लाला सगळ्यात जास्त जातात.

---

कोथरूडचा_पक्या

अपडेट. कन्येनं खोलीतलं ग्रेट व्हाइटचं पोस्टर काढलं नाहीये, पण त्याच्या शेजारी वहीच्या पानावर दोन ओर्का काढून चिकटवलेत, एकाचा पर डावीकडे, एकाचा उजवीकडे. आणि आईनं काल रविवारची मोरी आणली तर बाईसाहेब विचारतात, लिव्हर आलंय का सोबत?